‘इतकं शिकून मुलगी विमा एजंट होणार का?’

प्रश्न: मी सांगली जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागातून निवृत्त झाले. मुलगी टेक्सासमध्ये स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस. करते आहे, पहिलं वर्ष संपत आलंय. उन्हाळ्यासाठी तिच्यापुढे दोन इंटर्नशिप आहेत. एक डॅलसच्या सॉफ्टवेअर कंपनीत, दुसरी तिथल्या काउंटी (जिल्हा) सरकारांचा विमा सांभाळणाऱ्या संस्थेत. तिचा ओढा दुसरीकडे आहे, पुढे तिथेच ॲक्चुअरी, म्हणजे विम्याच्या जोखमीचं गणित मांडणारी तज्ज्ञ, होईन म्हणते. सरकारी कचेऱ्यांचा विमा हे करिअर असतं का? कर्ज काढून पाठवलेली मुलगी विमा एजंट होणार का? सरकारी काम म्हणून व्हिसा सोपा जाईल, असं ती म्हणते, ते खरं का? आणि परत यायची वेळ आली तर इथे काय? – शुभदा, सांगली

शुभदाताई, सप्रेम नमस्कार.

आधी एजंटची धास्ती काढून टाका. तुम्ही लिहिलेल्या प्रकारच्या संस्थेत कोणी पॉलिसी विकत दारोदार फिरत नाही. गिऱ्हाईक ठरलेलं असतं, ते म्हणजे काउंट्या. आणि संस्थेच्या मालकही त्याच. संचालक मंडळावर काउंट्यांचे निवडून आलेले पदाधिकारी बसतात. काउंट्या दरवर्षी वर्गणी भरतात, त्या पैशातून एकमेकींचे दावे भागवतात, आणि ठरावीक रकमेपलीकडचा भार पुनर्विमा कंपनीवर, म्हणजे विमा देणाऱ्यांचाच विमा उतरवणाऱ्या कंपनीवर, टाकतात. पैसा शिल्लक राहिला तर तो कुठल्या भागधारकाच्या खिशात जात नाही. याला तिथे रिस्क पूल म्हणतात.

तुमचा गोंधळ होतोय तो डोळ्यांपुढे झेडपी असल्यामुळे. टेक्सासमध्ये २५४ काउंट्या आहेत. रस्ते-पूल, जमिनीच्या नोंदी, निवडणुका, करवसुली, इथवर आपली झेडपी आणि तहसील कचेरी एका छपराखाली आणल्यासारखं. पण शेरीफ, म्हणजे निवडून आलेला पोलीसप्रमुख, तोही काउंटीचा, आणि तुरुंगही काउंटीचाच. आपल्याकडे पोलीस आणि कारागृह राज्याचं, त्यामुळे कोठडीत काही बरंवाईट झालं तर त्याचा कागद तुमच्या टेबलावर कधी आला नसेल. तिथे तो थेट काउंटीच्या तिजोरीवर येऊन आदळतो.

तो आदळायला लागला तो गेल्या पन्नास वर्षांत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये मोनेल खटल्यात निकाल दिला की स्थानिक सरकारच्या धोरणामुळे किंवा रूढ वहिवाटीमुळे नागरिकाच्या घटनात्मक हक्कांचा भंग झाला, तर त्या सरकारवरच भरपाईचा दावा लावता येतो. पुढे १९८५-८६ मध्ये खासगी विमा कंपन्यांनी स्थानिक सरकारांचे हप्ते अवाच्या सवा वाढवले, काहींनी तर विमा द्यायलाच नकार दिला. मग आणखी काउंट्यांनी आपापसात पूल उभारले. मिनेसोटा आणि कॅलिफोर्नियाचे पूल तर त्याआधीचे, १९७९ पासूनचे आहेत, ओहायोचा १९८७ चा, वॉशिंग्टन राज्यातला १९८८ चा. कॅलिफोर्नियाच्या पूलचं नाव २०२० पासून ‘प्रिझम’ आहे. या पूलांनी मिळून स्वतःची पुनर्विमा कंपनीही काढली आहे, काउंटी रीइन्शुरन्स. तेव्हा हा धंदा कालपरवाचा नाही, आणि उद्या बंद पडण्यातलाही नाही.

आता तुमची मुलगी तिथे काय पाहील ते सांगतो, कारण तुमचा खरा प्रश्न तिथे आहे.

टेक्सासच्या कायद्याने काउंटीवरच्या साध्या अपघाताच्या दाव्याला मर्यादा घातली आहे: एका व्यक्तीमागे १ लाख डॉलर, एका घटनेमागे ३ लाख. काउंटीच्या ट्रकने कुणाच्या गाडीला धडक दिली, तर खर्चाची कमाल आधीच ठाऊक असते. पण दावा केंद्राच्या नागरी हक्क कायद्याखाली लागला की ही मर्यादा गळून पडते. म्हणून या क्षेत्रातल्या माणसांची झोप रस्त्यावरच्या गाड्यांपेक्षा तुरुंग जास्त उडवतो.

वॉलर काउंटीचं प्रकरण बघा. जुलै २०१५ मध्ये सँड्रा ब्लँड या २८ वर्षांच्या तरुणीला राज्य पोलिसांनी वाहतूक तपासणीत अडवलं, अटक केली, आणि तीन दिवसांनी ती काउंटीच्या तुरुंगात मृतावस्थेत सापडली. देशभर संताप उसळला. त्या गदारोळात एक बारीक गोष्ट होती, जी जोखीम व्यवस्थापनातला माणूस सगळ्यात आधी वाचेल. राज्याच्या तुरुंग मानक आयोगाने काही दिवसांतच ठपका ठेवला की कैद्याला तासातून एकदा समक्ष जाऊन पाहण्याचा नियम तिथे पाळला गेला नव्हता, आणि कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची कागदपत्रंही पुरी नव्हती. तासाला एक फेरी, रजिस्टरमध्ये एक नोंद, एवढंच. २०१६ मध्ये कुटुंबाशी १९ लाख डॉलरची तडजोड झाली, त्यातले १८ लाख काउंटीच्या वाट्याचे. तडजोडीत तुरुंगात फेऱ्यांची आपोआप नोंद करणारे सेन्सर बसवण्याची अटही होती, आणि २०१७ मध्ये तिच्या नावाने राज्यात कायदा झाला.

आता समजा तुमची मुलगी अशा संस्थेच्या ‘लॉस कंट्रोल’, म्हणजे नुकसान आधीच टाळू पाहणाऱ्या, विभागात बसली आहे. तिच्यापुढे शंभरेक तुरुंगांच्या नोंदी असतील. एखाद्या तुरुंगात रात्रीच्या सगळ्या फेऱ्या बरोबर तासाच्या ठोक्याला, मिनिटाचाही फरक नाही. दुसरीकडे ५२ मिनिटं, ६१ मिनिटं, ५७ मिनिटं. काळजी कुठली करायची? पहिल्याची. खरी माणसं घड्याळाच्या काट्यासारखी चालत नाहीत, तिथे रजिस्टर खुर्चीत बसून भरलं जात असण्याची शंका येते. तुम्ही अर्थ विभागात मस्टर आणि लॉगबुकं पाहिली आहेत, तुम्हाला हे मी सांगायला नको. ही नजर आणि संख्याशास्त्र एका डोक्यात आलं तर त्या माणसाला या धंद्यात मरण नाही.

सगळंच इतकं गंभीर नसतं. रस्त्याकडेचं गवत कापणाऱ्या ट्रॅक्टरखालून दगड उडून काचा फुटतात, गारपिटीत छपरांची चाळण होते, रस्ते खात्यातल्या माणसांच्या पाठी धरतात. निवडणुकीनंतर नवा शेरीफ येतो, जुन्याच्या माणसांना घरी पाठवतो, आणि ते राजकीय सूड म्हणून कोर्टात जातात. निवडणुकीचं वर्ष आलं की या दाव्यांची वाट पाहायचीच. इमारतींचं तर वेगळंच शास्त्र. फेब्रुवारी २०२१ मध्ये मेसन काउंटीचं शंभर वर्षांहून जुनं दगडी कोर्टहाउस कुणीतरी लावलेल्या आगीत जळालं, बाहेरच्या भिंती तेवढ्या उरल्या. अशी इमारत पुन्हा तशीच उभारायला काय खर्च येईल? आजच्या बांधकामाच्या चौरस फुटाच्या दराने गुणाकार केला तर आकडा साफ चुकतो. हे मूल्यांकन आग लागण्यापूर्वी नीट झालेलं असणं, हेही जोखीम व्यवस्थापनच. सायबर हल्ल्यांवर वेगळं लिहावं लागेल. सप्टेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या सफोक काउंटीत हल्ला झाला, तेव्हा आणीबाणीचे फोन घेणाऱ्यांना कागद-पेन घेऊन बसावं लागलं होतं, एवढंच इथे पुरे.

आणि विम्याच्या पलीकडचीही जोखीम असते. कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज काउंटीच्या खजिनदाराने गुंतवणुकीत दीड अब्ज डॉलरहून जास्त बुडवले आणि डिसेंबर १९९४ मध्ये त्या श्रीमंत काउंटीने दिवाळखोरी जाहीर केली. तुमच्यासारख्या अर्थ विभागातल्या माणसाने ही गोष्ट मुलीला फोनवर जरूर सांगावी.

स्टॅटिस्टिक्सच्या विद्यार्थिनीला इथे खाद्य भरपूर आहे. २०२० च्या जनगणनेत टेक्सासच्या लव्हिंग काउंटीत ६४ माणसं होती आणि हॅरिस काउंटीत ४७ लाखांवर. एखाद्या चिमुकल्या काउंटीत दहा वर्षांत एकही मोठा दावा आला नाही, तर ती सुरक्षित की नुसती नशीबवान? तिची वर्गणी तिच्या स्वतःच्या अनुभवावर किती ठरवायची आणि सगळ्यांच्या सरासरीवर किती? या प्रश्नाला ॲक्चुअरींच्या भाषेत क्रेडिबिलिटी म्हणतात, आणि त्याची उत्तरं पुस्तकात सोपी असली तरी काउंटी आयुक्तांसमोर मांडताना घाम फुटतो. शिवाय आज पाठ धरलेल्या कर्मचाऱ्याच्या उपचारांचे पैसे वीस वर्षांनीही जात असतात, तर त्यासाठी आज किती बाजूला ठेवायचे? घडून गेलेल्या पण अजून कळवल्याच न गेलेल्या दाव्यांसाठी किती? सॉफ्टवेअर कंपनीत ती जाहिरातीवर कोण क्लिक करेल याचा अंदाज बांधेल. मला विचाराल तर दुसरं काम जास्त शिकवतं.

पण मुलीच्या दोन समजुती मला खोडून काढाव्या लागतील.

पहिली व्हिसाची. सरकारी काम म्हणून एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या सोडतीतून सूट मिळते, हे खरं नाही. सूट आहे ती विद्यापीठांना, त्यांच्याशी संलग्न ना-नफा संस्थांना आणि संशोधन करणाऱ्या ना-नफा व सरकारी संस्थांना. काउंटी किंवा काउंट्यांचा पूल यात बसत नाही. म्हणजे तिला इतरांसारखंच वर्षाच्या ६५ हजार अधिक अमेरिकी मास्टर्सवाल्यांच्या २० हजार जागांच्या रांगेत उभं राहावं लागेल. त्यात सप्टेंबर २०२५ च्या अध्यक्षीय आदेशाने देशाबाहेरून नव्याने आणायच्या कर्मचाऱ्यामागे मालकाला १ लाख डॉलर भरायला लावले आहेत, त्यामुळे मध्येच भारतात येऊन मग पुन्हा नोकरीसाठी जाऊ, असा बेत आखू नका. तिची पदवी स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) मोडते, म्हणून १२ महिन्यांची ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काम करायची परवानगी, आणि वर २४ महिने असा तीन वर्षांचा अवकाश आहे. ते वाढीव २४ महिने मिळतात ते मालक ई-व्हेरिफायमध्ये, म्हणजे कर्मचाऱ्यांचा कामाचा परवाना तपासणाऱ्या सरकारी यंत्रणेत, नोंदलेला असेल तरच. लहान सार्वजनिक संस्थांमध्ये याची खात्री आधी करून घ्यावी लागते. विषय बदलून ‘रिस्क मॅनेजमेंट अँड इन्शुरन्स’च्या पदवीकडे वळायचा मोह झाला तर आवरा. विमा या विषयाचा कोड स्टेमच्या यादीत नाही, ॲक्चुअरिअल सायन्सचा आहे.

दुसरी समजूत अशी की पूलमध्येच ती ॲक्चुअरी होईल. बहुतेक पूल लहान असतात. दावे हाताळणारे, तुरुंग-रस्त्यांवर जाऊन पाहणी करणारे, जोखीम पारखून वर्गणी ठरवणारे अंडररायटर, हिशेबनीस हे त्यांच्या पगारावर असतात. राखीव निधीचं ॲक्चुअरिअल काम मात्र बाहेरच्या सल्लागार संस्थेकडे दिलेलं असतं. म्हणून पूल ही तिची शाळा ठरू शकेल, पुढचं घर बहुधा त्या सल्लागार संस्थेत किंवा पुनर्विमा कंपनीत असेल. कमाईतला फरकही इथेच पडतो. अमेरिकी कामगार खात्याच्या २०२४ च्या आकड्यांत ॲक्चुअरीचा मधला वार्षिक पगार सव्वा लाख डॉलरच्या आसपास आहे, दावे हाताळणाऱ्यांचा पाऊण लाखाच्या. त्यातही दाव्यांच्या कामातल्या जागा घटतील आणि ॲक्चुअरींच्या वाढतील, असा त्याच खात्याचा अंदाज आहे.

त्यामुळे परीक्षा सोडायच्या नाहीत. मालमत्ता आणि दायित्व विम्याचा रस्ता कॅज्युअल्टी ॲक्चुअरिअल सोसायटीच्या, म्हणजे सीएएसच्या परीक्षांतून जातो. संभाव्यताशास्त्राचा पहिला पेपर तिने या वर्षीच द्यावा, अभ्यासक्रम ताजा आहे तोवर. एआरएम हे जोखीम व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र चांगलं आहे, पण ते नंतर, मालकाच्या खर्चाने.

परत यायचं झालं तर इथे काउंटी पूलसारखी नोकरी शोधू नका, सापडणार नाही. मूळ कल्पना मात्र आपल्याला परकी नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ मध्ये सरकार, स्थानिक संस्था आणि राज्य परिवहन उपक्रमांना स्वतःचा निधी ठेवून विम्यातून सूट घेता येते, आणि आपल्या राज्याचं विमा संचालनालयही आहे. पण तिचं कौशल्य खपेल ते दुसरीकडे: मुंबईतली सरकारी पुनर्विमा कंपनी जीआयसी री, आणि मुंबई, पुणे, बेंगळुरू, गुरुग्राममधली विमा आणि सल्लागार कंपन्यांची कार्यालयं, जिथे अमेरिकेतल्या दाव्यांचं गणित रोज होतं. सीएएसचे तीन-चार पेपर आणि खऱ्या दाव्यांचा अनुभव हातात असेल तर तिथे तिला कोणी ‘यात काय केलंत?’ असं विचारणार नाही.

म्हणून माझं मत: या उन्हाळ्यात पूल. फक्त होकार देण्याआधी तिने त्यांना सरळ विचारावं की मला दाव्यांच्या मूळ फाइल पाहायला मिळतील का, आणि बाहेरच्या ॲक्चुअरीच्या बैठकांना बसता येईल का. दोन्हींना ‘नाही’ आलं आणि नुसते रंगीत आलेख काढायचं काम असेल, तर डॅलसला जाऊ दे. तिथे निदान कोडिंग पक्कं होईल. आणि कुठेही गेली तरी सीपीटीची, म्हणजे शिकत असताना काम करण्याची, मंजुरी नव्या आय-२० वर (विद्यापीठ देतं तो विद्यार्थी व्हिसाचा कागद) छापून हातात आल्याशिवाय एक दिवसही कामावर बसायचं नाही. ‘सोमवारी ये, कागद मागाहून होतील’ असं मालक गोडीने म्हणाला तरी नाही. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात मे महिन्यात गर्दी असते, तेव्हा तिने अर्ज याच आठवड्यात टाकावा.