जमिनीच्या सेवांचा हिशेब करताना मुद्दल विसरू नका

तुमचा प्रश्न असा: शेतजमीन पाणी मुरवते, नत्र पुरवते, कर्ब (कार्बन) साठवते, या परिसंस्था सेवांची मिळून हेक्टरी एकच किंमत अहवालात द्यायची आहे आणि तीन पद्धतींनी तीन आकडे आलेत, एकमेकांच्या दसपट-वीसपट. तुमची आकडेमोड चुकली असेल असं मला वाटत नाही. पद्धती तीन होत्या, आणि प्रत्येकीने वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर दिलंय.

नत्रापासून सुरुवात करू, तिथे हिशेब कागदावर हाताने मांडता येतो. वरचा १५ सेंमी थर म्हणजे हेक्टरी साधारण २००० टन माती. सेंद्रिय कर्ब १ टक्का धरला तर २० टन कर्ब. कर्ब-नत्र गुणोत्तर १० धरलं तर त्यात २ टन नत्र बांधलेलं. दरवर्षी त्यातल्या साधारण १ ते ३ टक्क्यांचं खनिजीकरण होतं आणि ते पिकाला घेता येईल अशा रूपात येतं. मधला २ टक्के घेतला तर ४० किलो. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे हे झालं ८७ किलो युरिया. त्याला बाजारभाव लावला की 'सेवेची किंमत' तयार. बदली खर्चाची पद्धत म्हणतात ती हीच.

आता त्याच शेतात दोनदा खोल नांगरट करा. ढेकळं फुटतात, कणांच्या आत दडलेला सेंद्रिय भाग हवेला आणि जिवाणूंना उघडा पडतो, खनिजीकरण ३ टक्क्यांवर गेलं असं धरू. ६० किलो नत्र, १३० किलो युरिया! तुमच्या तक्त्यात सेवेची किंमत दीडपट झाली. शेत मात्र मुद्दल खातंय. त्या ६० किलोंसोबत सहाशे किलोंच्या आसपास कर्बही हवेत गेला. कर्बाच्या वजनावरून कार्बन डायऑक्साइडचं वजन काढायला ३.६७ ने गुणा, सव्वादोन टन झाला. मुळं, धसकटं, शेणखत यांतून जेवढा कर्ब जमिनीत टिकून राहिला तेवढा वजा करा, उरेल ती त्या वर्षीची खरी घट. ही घट ज्या हिशेबात दिसत नाही तो हिशेब जमीन ओरबाडणाऱ्याला शाबासकी देतो. मी स्वतः सुरुवातीची काही वर्षं असेच तक्ते भरलेत, म्हणून जरा पोटतिडकीने लिहितोय.

तुमच्या तीन आकड्यांपैकी सगळ्यांत छोटा पर्यावरण-अर्थशास्त्रज्ञ कोस्टान्झा आणि सहकाऱ्यांच्या १९९७ च्या जागतिक अंदाजावरून आलेला दिसतो. साऱ्या पृथ्वीच्या सेवा वर्षाला सरासरी ३३ लाख कोटी डॉलरच्या, असा गाजलेला आकडा त्यातलाच. पण त्यात पिकाखालच्या जमिनीची ओळ पाहा: हेक्टरी ९२ डॉलर. अन्न ५४, जैविक कीडनियंत्रण २४, परागीभवन १४. माती तयार होणं, अन्नद्रव्यांचं चक्र हे रकाने कोरे आहेत. म्हणजे मातीच्या सेवांसाठी तुम्ही जो आकडा उचललात, त्यात मातीच नाही.

पाण्याबद्दल सावध राहा. सेंद्रिय पदार्थ १ टक्का वाढले की एकरी २० हजार गॅलन, म्हणजे हेक्टरी जवळपास १.८७ लाख लिटर जास्त पाणी साठतं, हे वाक्य सगळीकडे फिरतं. मिनास्नी आणि मॅकब्रॅटनी या मृदाशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये जगभरच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा १ टक्का सेंद्रिय कर्बामागे पिकाला उपलब्ध पाण्यात सरासरी वाढ निघाली १०० मिमी मातीत १.१६ मिमी. १५ सेंमी थराला हेक्टरी सतरा-साडेसतरा हजार लिटर. दहापटींहून जास्त फुगवटा!

याचा अर्थ कर्बाचा पाण्याशी संबंध नाही असा घेऊ नका. साठवणीपेक्षा मुरण्यात त्याचा मोठा हात आहे. बांधावरचं, कधी न नांगरलेलं एक सुकं ढेकूळ आणि शेताच्या मधलं एक, अशी दोन काचेच्या ग्लासात जाळीवर पाण्यात सोडा. मधल्याचे बुडबुडे निघतात आणि पाच मिनिटांत तळाशी चिखलाची साय बसते. बांधावरचं बहुतेक वेळा तसंच उभं. पावसाच्या पहिल्या जोरदार सरीत ही साय शेतभर पसरते, वरची भोकं बुजतात आणि पाणी गाळ घेऊन उताराला लागतं. त्याची किंमत खालच्या ओढ्याकाठचे आणि धरणातला गाळ काढणारे मोजतात, शेतकरी नाही.

म्हणून सगळ्याची एक बेरीज करू नका. नत्राचा फायदा कसणाऱ्याला, मुरलेल्या पाण्याचा खालच्यांना, कर्बाचा सगळ्यांना. हे तीन वेगळे रकाने ठेवा. आणि जमिनीची 'एकूण' किंमत काढत बसू नका. मातीशिवाय शेती नाही, त्यामुळे ती संख्या कितीही फुगवता येते. अमुक मशागत बदलली तर प्रत्येक रकान्यात किती फरक पडतो, एवढंच विचारा.

तुमच्या नोंदींत कर्बाची टक्केवारी आहे, पण मातीची घनता दिसली नाही. नांगरलेली माती फुगते, १५ सेंमीत कमी वजन मावतं, आणि तेवढीच खोली घेऊन तुलना केली तर फरक खोटा निघतो. घनता मोजलेली असेल तर ते आकडे पाठवा, समान वजनाच्या थरावर कर्ब कसा काढायचा ते तुमच्याच आकड्यांवर करून दाखवतो.