चिनी मुलांना इंग्रजी उतारे कुठे अडतात?

शब्द पाठ असूनही चीनमधले हायस्कूलचे विद्यार्थी उताऱ्यावरचे प्रश्न का चुकवतात आणि शिकवणीत सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते वाक्यरचनेपासून करा.

चिनी भाषेत नामाचं वर्णन कितीही लांब असलं तरी ते सहसा नामाच्या आधी येतं. इंग्रजीत ‘द बुक दॅट माय टीचर गेव्ह मी’ असं मागून येतं. आपणही ‘सरांनी दिलेलं पुस्तक’ म्हणतो, त्यामुळे ही अडचण मराठी शिक्षकाला चटकन कळते. एका वाक्यात अशी दोन-तीन उपवाक्यं आली की मुख्य क्रियापद कुठलं तेच सापडत नाही. रोज एकच लांब वाक्य घ्या. आधी फक्त कर्ता आणि मुख्य क्रियापद अधोरेखित करू द्या, अर्थ नंतर विचारा. घाई करू नका. चिनी क्रियापदं काळानुसार रूप बदलत नाहीत, म्हणून ‘हॅड लेफ्ट’सारख्या रूपातून कळणारा घटनाक्रमही निसटतो.

गाओकाओ म्हणजे चीनमधली विद्यापीठ प्रवेश परीक्षा. तिच्या राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेत इंग्रजीला १५० गुण असतात, पैकी ५० वाचनाचे: चार उताऱ्यांवर १५ प्रश्न, आणि एका उताऱ्यातल्या पाच रिकाम्या जागांसाठी सात वाक्यांतून पाच निवडायची. या शेवटच्या प्रकारात ‘धिस’, ‘दे’, ‘हाऊएव्हर’ हे शब्द मागच्या कुठल्या गोष्टीशी जोडलेत ते ओळखावं लागतं. चिनीत सर्वनामं बरेचदा गाळली जातात, तेव्हा बाण काढून जोड्या दाखवायचा सराव जरूर घ्या. नुसत्या शब्दयाद्या वाढवून हे जमणार नाही.