कोकमाच्या बाटलीला वायटूके साज

प्रश्न : आम्ही घरी कोकम, आवळा आणि आलं-लिंबाचं सरबत करून विकतो. मुलीचं म्हणणं, नवं लेबल आणि वेबसाइट 'वायटूके', म्हणजे २००० सालाच्या आसपासच्या धाटणीची करू : चकचकीत चंदेरी अक्षरं, फुगीर बटणं, निळे बुडबुडे. सरबताला हे शोभेल का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : शोभेल. फक्त चंदेरीला जरा आवर घाला म्हणावं.

या धाटणीचा जीव पारदर्शकतेत आहे. १९९८ साली ॲपलचा पहिला आयमॅक संगणक आला तो निळसर, अर्धपारदर्शक प्लास्टिकचा. आतलं यंत्र बाहेरून दिसायचं. १९९९च्या जानेवारीत त्याचे पाच रंग आले, नावं सगळी फळांची : ब्लूबेरी, ग्रेप, टँजरिन, लाइम, स्ट्रॉबेरी. पुढच्या वर्षी मॅक संगणकाच्या पडद्याचं ॲक्वा नावाचं नवं रूप दाखवताना ॲपलचे स्टीव्ह जॉब्ज म्हणाले, ते पाहून चाटावंसं वाटलं पाहिजे. सरबतवाल्याला आणखी काय हवं! कोकमाचा लाल तर तुमच्या बाटलीत आयताच आहे. तो कागदाने झाकू नका. पारदर्शक फिल्मवर लेबल छापा, पण अक्षरांखाली पांढऱ्या शाईचा थर द्यायला छापखान्याला बजावा. नाहीतर गडद सरबतावर नाव दिसायचं नाही.

आता चंदेरी. क्रोमचा, म्हणजे चकचकीत धातूचा परिणाम वर आकाश, मध्ये गडद क्षितिजरेषा, खाली जमीन अशा प्रतिबिंबातून येतो. रोमन अक्षरात ती रेषा मधोमध खपून जाते. देवनागरीत शिरोरेघ आधीच आडवी. त्यात ही दुसरी आली की शब्द खोडल्यासारखा दिसतो. शिवाय प्रत्येक अक्षराला वेगळा उठाव दिला तर शिरोरेघेला सांधे पडतात, तेव्हा आधी अख्ख्या शब्दाचा एकच आकार करून घ्या. 'टेको' किंवा 'राजधानी' हे चौकोनी वळणाचे मोफत फाँट या कामाला चांगले. क्रोम फक्त नावाला. घटक, किंमत, तारीख साध्या गडद अक्षरांत. वेबसाइटवरच्या बारीक मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५:१ इतका उजेड-अंधाराचा फरक (कॉन्ट्रास्ट) लागतो, आणि चंदेरीवर पांढरं तिथे नापास होतं.

बटणं करणं आता सोपं झालंय. तेव्हा आम्ही एकेक बटण फोटोशॉपमध्ये रंगवायचो, त्याचे तुकडे कापून वेबपानावरच्या अदृश्य तक्त्याच्या खणांत बसवायचो आणि एका पिक्सेलची फट राहिली की रात्र जायची. आज ती चमक सीएसएसच्या, म्हणजे वेबपान सजवायच्या भाषेच्या चार ओळींत येते.

वेबसाइट उघडताच गरगर फिरणारा लोगो मात्र नको. तेव्हाही लोक आधी तो टाळायचं 'स्किप इंट्रो' बटण शोधायचे. त्या जागी ऑर्डरचा नंबर द्या.