फ्रेंचमधला टोपीवाला 'फ्यु'

प्रश्न असा आला आहे: 'फ्रेंच कादंबऱ्यांत "फ्यु" हा शब्द सारखा भेटतो. कधी त्यातल्या यू या अक्षरावर टोपी (^ ही खूण) असते, कधी नसते. क्रियापदांच्या तक्त्यात टोपीवालं रूप "स्युबजाँक्तिफ अँपार्फे" या रकान्यात सापडलं, पण वर्गात हा काळ कुणी शिकवलाच नाही. तो चालवायचा कसा, आणि मुळात शिकायला हवा का?'

शिकायला हवा, पण ओळखता येण्यापुरता. स्युबजाँक्तिफ म्हणजे इच्छा, शंका अशा गोष्टी सांगताना गौण वाक्यात येणारं क्रियापदाचं रूप, आणि त्याचाच हा भूतकाळ. आणि चालवायचा म्हटलं तर फ्रेंचमधल्या सगळ्या काळांत मला हाच सर्वांत सोपा वाटतो. हे ऐकून फ्रेंचचे विद्यार्थी भुवया उंचावतील, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

हा काळ सगळाच्या सगळा 'पासे सँप्ल'वर उभा आहे. पासे सँप्ल म्हणजे कथा-कादंबऱ्यांत आणि इतिहासाच्या पुस्तकांत येणारा साधा भूतकाळ. त्याचं द्वितीय पुरुषी एकवचन घ्यायचं. 'पार्ले' म्हणजे बोलणे. त्याचं हे रूप 'त्यु पार्ला', लिहिताना शेवटी न उच्चारला जाणारा एस. त्या एसपुढे आणखी एक एस आणि ई लिहिला की आपलं रूप तयार: 'क ज पार्लास', मी बोलावं. पुढे 'क त्यु पार्लास', 'क नु पार्लासियाँ', 'क व्हु पार्लासिए', आणि अनेकवचनी 'ते'साठी पुन्हा 'पार्लास'. वेगळं वागतं ते फक्त तृतीय पुरुषी एकवचन: 'किल पार्ला'. तिथे जोड-एस नाही. स्वरावर टोपी आणि शेवटी मुका टी.

एवढाच नियम. एरवी छळणारी क्रियापदंही इथे मुकाट्याने रांगेत येतात. 'एत्र' (असणे) चं 'त्यु फ्यु', म्हणून 'क ज फ्युस' आणि 'किल फ्यु'. 'आव्ह्वार' (जवळ असणे) चं 'युस' आणि 'यु'. 'फेर' (करणे) चं 'फिस' आणि 'फी'. 'व्हनीर' (येणे) चं 'व्हॅंस' आणि 'व्हॅं'. स्वर चारच: आ, ई, यु, आणि येणे-धरणे या दोन क्रियापदांच्या कुळातला अनुनासिक. टोपीला नकार देणारं क्रियापद म्हणजे 'आईर', द्वेष करणे. त्याच्या आय या अक्षरावर आधीच दोन टिंबं बसलेली असतात, त्यामुळे टोपीला जागाच उरत नाही. मेख आहे ती पासे सँप्लमध्ये. तो पाठ नसेल तर हा काळ डोंगराएवढा वाटतो.

दोन्ही काळ असे एकमेकांना चिकटलेले का, याचं उत्तर लॅटिनमध्ये आहे. पासे सँप्ल आला लॅटिनच्या पूर्ण भूतकाळातून. स्युबजाँक्तिफ अँपार्फे आला तिथल्या विध्यर्थी पूर्णभूतातून: 'कांताविस्सेम', त्याचं बोलण्यातलं आखूड रूप 'कांतास्सेम', आणि त्यावरून फ्रेंच 'शाँतास'. लॅटिनमध्ये दोघांचं अंग एकच होतं, ते आजही एकच आहे. टोपीचा उगमही इथलाच. जुन्या फ्रेंचमध्ये तृतीय पुरुषी रूपात टीच्या आधी एस होता आणि तो उच्चारला जायचा. म्हणजे 'फ्यु' आणि 'फ्युस्त' हे कानालाही वेगळे होते. पुढे एसचा उच्चार गेला, पण लिहिण्यात तो बराच काळ टिकून राहिला. फ्रेंच अकादमीच्या कोशाच्या 1740 च्या आवृत्तीत अशा कितीतरी मुक्या एसच्या जागी टोपी बसली. इंग्रजीने 'हॉस्पिटल' आणि 'फॉरेस्ट'मध्ये एस जपला, फ्रेंच 'ओपिताल' आणि 'फोरे' टोपी घालून बसले, तीच ही टोपी. 1990 च्या लेखनसुधारणेत आय आणि यू या अक्षरांवरची टोपी बऱ्याच शब्दांत ऐच्छिक झाली. या क्रियारूपांवरची मात्र राखली, कारण ती काढली तर दोन काळ एकमेकांत मिसळून जातील.

आता वापर. जुना नियम असा: मुख्य वाक्य वर्तमानात असेल तर गौण वाक्यात वर्तमान स्युबजाँक्तिफ, मुख्य वाक्य भूतात गेलं की गौण वाक्यातही स्युबजाँक्तिफ अँपार्फे. 'ज व्ह किल व्ह्येन', त्याने यावं अशी माझी इच्छा आहे. 'ज व्हुले किल व्हॅं', त्याने यावं अशी माझी इच्छा होती. इथे आपल्या 'यावं'कडे नीट बघा. 'आहे'चं 'होती' झालं तरी ते जागचं हललं नाही. मराठीचा विध्यर्थ मुख्य क्रियापदाच्या काळामागे धावत नाही. आजचा फ्रेंच माणूस बोलताना नेमकं हेच करतो: 'ज व्हुले किल व्ह्येन'. भूतकाळी इच्छा आणि वर्तमानाचं रूप, आणि त्यात कुणाला काही खटकत नाही. फ्रेंच शिकणाऱ्या मराठी माणसाला आजची ही बोली जुन्या व्याकरणापेक्षा जवळची वाटली तर नवल नाही.

पण 'स्युबजाँक्तिफ म्हणजे विध्यर्थ' असं समीकरण मांडून वाचायला बसू नये. 'बियँ किल फ्यु मालाद' म्हणजे तो आजारी असूनही. 'आव्हाँ किल पार्ती' म्हणजे तो निघण्यापूर्वी. 'ज न क्रुआये पा किल फ्यु मालाद' म्हणजे तो आजारी असेल असं मला वाटलं नव्हतं. तिन्हीकडे फ्रेंचमध्ये एकच काळ, आणि आपल्याकडे तीन वेगळ्या रचना, त्यातल्या दोन तर धातुसाधितांच्या. विध्यर्थ एकातही नाही.

हा काळ बोलण्यातून गेला तो त्याच्या आधाराबरोबर. पासे सँप्लची जागा बोलीत 'पासे काँपोझे' या जोड-भूतकाळाने घेतली आणि ज्या रूपांवरून हा काळ बांधायचा तीच जिभेवरून उतरली. आपल्याकडे 'तो पहाटे उठे, नदीवर जाई, येताना फुलं आणी' हे गोष्टीत शोभतं, पण घरात कुणी असं बोलत नाही. पासे सँप्लचं आज साधारण तसंच आहे. त्यात प्रथम आणि द्वितीय पुरुषाची रूपं कानाला जड. 'आस' हा प्रत्यय फ्रेंचमध्ये तुच्छता दाखवायला वापरतात, त्यामुळे 'पार्लास', 'पार्लासियाँ' ऐकताना नको ते सूर लागतात. 'पुव्हवार' (शकणे) चं 'प्युस' तर पिसू या अर्थाच्या शब्दासारखंच ऐकू येतं. तृतीय पुरुषी एकवचन या सगळ्यातून सुटलं. ते आखूड आहे, आणि कानाला हुबेहूब पासे सँप्लसारखं लागतं. म्हणून पुस्तकांतून आजही भेटतात ती बहुतेक 'फ्यु', 'यु', 'व्हॅं', 'पार्ला' हीच.

सरकारनेही हे टप्प्याटप्प्याने मान्य केलं. 26 फेब्रुवारी 1901 च्या आदेशाने, शिक्षणमंत्री जॉर्ज लेग यांच्या काळात, मुख्य क्रियापद 'कोंदिस्योनेल'मध्ये, म्हणजे संकेतार्थी रूपात, असेल तर गौण वाक्यातलं वर्तमान रूप परीक्षेत चूक धरू नये असं ठरलं. 28 डिसेंबर 1976 च्या आदेशाने, मंत्री रने आबी यांच्या काळात, भूतकाळी मुख्य वाक्यानंतरही ती मुभा मिळाली. तेव्हा स्वतः लिहिताना निर्धास्तपणे वर्तमान स्युबजाँक्तिफ वापरावा. पत्रात किंवा निबंधात मुद्दाम 'पार्लासियाँ' घातलं तर वाचणारा मजकूर सोडून त्या शब्दाकडेच बघत बसेल.

फ्रेंचच्या भावंडांमध्ये मात्र हा काळ ठणठणीत आहे. 'तो यावा असं मला वाटत होतं' हे इटालियन माणूस रोजच्या बोलण्यात 'व्होलेव्हो के व्हेनिस्से' असंच म्हणतो. पोर्तुगीजमध्ये 'माझ्याकडे असतं तर' म्हणायला 'सि एउ तिव्हेस' लागतं, म्हणजे लॅटिनच्या त्याच रूपाचा वारस. गोव्यात ज्यांचं शिक्षण पोर्तुगीजमधून झालं त्या पिढीला तो नवखा नाही. फ्रेंचने 'जर'च्या वाक्यातून त्याला कधीच काढलं आणि तिथे साधा अँपार्फे, म्हणजे नेहमीचा अपूर्ण भूतकाळ, बसवला: 'सि जाव्हे'.

वाचताना नजर कुठे ठेवायची ते सांगतो. टोपी आहे की नाही याची शंका आली तर वाक्य मनातल्या मनात वर्तमानात आणा. 'फ्यु'च्या जागी 'सुआ' (एत्रचं वर्तमान स्युबजाँक्तिफ) बसलं तर टोपी हवी, 'ए' (म्हणजे साधं 'आहे') बसलं तर नको. 'आव्हाँ किल फ्यु पार्ती' (तो निघून जाण्यापूर्वी) यात टोपी आहे. 'आप्रे किल फ्यु पार्ती' (तो निघून गेल्यावर) यात नाही, कारण 'आप्रे क'नंतर स्वार्थच, म्हणजे क्रियापदाचं साध्या विधानाचं रूपच, येतो. घडून गेलेल्या गोष्टीबद्दल शंका कसली? पण दोन्ही वाक्यं कानाला इतकी सारखी लागतात की फ्रेंच माणसंही दुसरीकडे टोपी घालून बसतात. त्यामुळे छापील पुस्तकात ती दिसली तरी लगेच स्वतःवर शंका घेऊ नये.

टोपीवाला 'यु' दिसला आणि त्यापुढे भूतकालवाचक धातुसाधित असेल तर बहुतेक वेळा तिथे आपला संकेतार्थ असतो: 'इल युत एते काँताँ', तो खूश झाला असता. बोलीत हेच कोंदिस्योनेलने सांगतात. जुन्या गद्यात हा 'यु' पावलोपावली आहे, आणि तो 'असता' असा वाचला की अडलेली वाक्यं धडाधड सुटतात.

राहिले ते वाक्प्रचार, ते पाठच करावेत. 'न फ्युस क' म्हणजे 'निदान... तरी': 'न फ्युस कँनँस्ताँ', निदान क्षणभर तरी. 'प्ल्युता द्य' म्हणजे देव करो आणि तसं होवो. आणि 'द्युसेज आँ मुरीर', मरावं लागलं तरी बेहत्तर. यातलं 'द्युसेज' हे 'दव्हवार' (करावं लागणे) चं प्रथम पुरुषी रूप. कर्ता क्रियापदाच्या मागे गेल्यामुळे त्याच्या शेवटच्या ईवर स्वराघाताची खूण चढते. 1990 च्या सुधारणेनंतर ती उलट्या तिरकेपणाने लिहावी अशी शिफारस आहे, पण पुस्तकांतून जुनंच लेखन जास्त दिसतं.