ब्रिटिश रॉक बँड ‘द हू’च्या ‘बाबा ओ’रायली’ या गाण्याच्या सुरुवातीला वाजतो तो सिंथेसायझर कोणता?

तो सिंथेसायझर नाहीच; लाउरी कंपनीचा घरगुती इलेक्ट्रॉनिक ऑर्गन आहे, बर्कशायर डिलक्स. ‘द हू’चा गिटारवादक आणि या गाण्याचा कर्ता पीट टाउनशेंड याने स्वतःच मुलाखतींत हे सांगितलंय. या ऑर्गनवर ‘मरिंबा रिपीट’ नावाची सोय होती. पट्ट्या नुसत्या दाबून धरायच्या, की स्वर सलग न वाजता तुटक, भराभर उलटसुलट वाजत राहतात. बोटं जागच्या जागी, धावपळ सगळी यंत्राची. हेडफोन लावून ऐका: आधी ही झरझर एकटीच चालते, मग पियानोचे एफ, सी, बी-फ्लॅट असे तीन दणदणीत कॉर्ड येतात, ड्रम्स त्यानंतर. माझ्या मते रॉकमधली याहून सरस सुरुवात नाही. (नावातले ‘बाबा’ म्हणजे आपले मेहेरबाबा, ज्यांची समाधी अहिल्यानगरजवळ मेहेराबादला आहे, ‘रायली’ म्हणजे अमेरिकन संगीतकार टेरी रायली.) मात्र त्याच ‘हूज नेक्स्ट’ (1971) अल्बममधल्या ‘वोन्ट गेट फूल्ड अगेन’मध्ये सिंथेसायझर खरंच आहे: तिथे लाउरीचा आवाज ईएमएस कंपनीच्या व्हीसीएस 3 या सिंथेसायझरमधून काढलाय. दोन्ही गाण्यांची गल्लत बहुधा त्यामुळेच होते.