छातीतलं यंत्र काढायचं की नुसतं बंद ठेवायचं?

झोपेत श्वास अडणाऱ्या आणि सीपॅपचा, म्हणजे दाबाने हवा देणाऱ्या यंत्राचा, मास्क सहन न होणाऱ्या रुग्णांसाठी इन्स्पायर या यंत्राला अमेरिकेत २०१४ साली मान्यता मिळाली. उजव्या कॉलरबोनखाली बॅटरीची डबी, तिथून हनुवटीखाली जाणारी वायर, आणि वायरच्या टोकाला जीभ हलवणाऱ्या नसेभोवती गुंडाळलेली मऊ पट्टी. ही नस चेतवली की जीभ पुढे येते आणि घसा मोकळा राहतो. आता सर्जन म्हणून मला हे यंत्र काढण्याबद्दलची पत्रं येऊ लागली आहेत. बहुतेक अमेरिकेतल्या मराठी घरांतली आहेत.

प्रश्न : यंत्र बसवून दोन वर्षं झाली. रात्री जिभेला झटके बसतात, दातांवर घासून तिची कड सोलवटली आहे. काढून टाकू का?

लगेच नको. आज रात्रीपुरतं रिमोटने बंद करा. बंद यंत्र नसेला काहीही करत नाही. मग स्लीप क्लिनिकमध्ये जाऊन जोर कमी करून घ्या. नुसता जोरच नाही, तर विजेच्या स्पंदाची रुंदी आणि इलेक्ट्रोडची मांडणीही बदलता येते. पुष्कळांचा त्रास एवढ्यानेच जातो. दातांवर रात्री घालायचं मऊ कव्हर करून घेतलं की जिभेची जखमही भरते. हे सगळं करूनही झोप लागत नसेल, तर काढायला सांगणं हा तुमचा हक्क आहे, आणि त्यासाठी कुणापुढे अपराधी वाटून घेऊ नका. फक्त त्यानंतर श्वासाचं काय करायचं, हे शस्त्रक्रियेच्या आधी ठरवा. सीपॅप, दातांचं उपकरण, काहीही चालेल. पण उपचाराशिवाय राहू नका.

प्रश्न : डबीवरची कातडी लाल झाली आहे, थोडा पू येतो. अँटिबायोटिकवर भागेल का?

थांबू नका, आजच सर्जनला दाखवा. यंत्राच्या पृष्ठभागावर जंतूंचा चिकट थर बसला की औषध आतपर्यंत पोचत नाही. डबी कातडीखाली ज्या खिशात बसवलेली असते त्यात जंतू शिरले असतील तर सहसा सगळंच काढावं लागतं.

डबी काढणं सोपं असतं. नसेभोवतीची पट्टी मात्र जिकिरीची, कारण तिच्याभोवती चिवट व्रण धरलेला असतो आणि त्याच व्रणात नस असते. तो मिलिमीटर मिलिमीटरने सोडवावा लागतो. रुग्ण शुद्धीवर आला की मी पहिलं वाक्य बोलतो, "जीभ बाहेर काढा." उजवी नस दुखावली असेल तर जीभ उजवीकडे वळते. ती सरळ बाहेर आली की माझा जीव भांड्यात पडतो. जंतुसंसर्ग नसेल आणि पट्टी फारच घट्ट बसली असेल, तर नसेला धोका नको म्हणून ती आत ठेवण्याचा निर्णयही सर्जन घेऊ शकतो.

प्रश्न : पाठीचा एमआरआय सांगितला आहे. त्यासाठी यंत्र काढावं लागेल का?

मॉडेल कोणतं, त्यावर आहे. जुन्या मॉडेलला पूर्ण शरीराच्या एमआरआयची परवानगी नव्हती. नंतरच्या ३०२८ मॉडेलला १.५ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं एकक) मशीनवर, अटी पाळून, पूर्ण शरीराची आहे. तुमच्या यंत्राचं कार्ड रेडिऑलॉजीला दाखवा. एक मात्र लक्षात घ्या : डबी काढून वायर आत ठेवली, तर ही परवानगी लागू राहत नाही. त्यामुळे एमआरआयसाठीच काढत असाल, तर वायरीचं काय करणार हे आधी विचारा.

प्रश्न : वीस किलो वजन उतरलं. आता यंत्राची गरज आहे का?

यंत्र बंद ठेवून स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी, करा. श्वास अडत नसेल तर नुसतं बंद ठेवा. वजन परत वाढलं तर हेच यंत्र उपयोगी पडेल.

प्रश्न : सासऱ्यांचं वय ८४. विचारायला संकोच वाटतो, पण ते गेल्यावर दहनाआधी यंत्र काढावं लागतं का?

संकोच करू नका, आधीच विचारलंत हे बरं केलंत. हो, काढावं लागतं. डबीत लिथियमची बॅटरी असते. दाहिनीच्या उष्णतेत ती फुटते आणि तिथल्या माणसांना इजा होऊ शकते. पेसमेकरचा नियमच इथे लागू होतो. फ्युनरल होमच्या फॉर्मवर पेसमेकरबद्दल विचारतात, तिथेच याचीही नोंद करा. छातीवर छोटासा छेद घेऊन डबी काढतात आणि टाका घालतात. चेहऱ्याला हात लागत नाही, अंघोळ घालताना, नवे कपडे नेसवताना काही अडत नाही. पार्थिव भारतात न्यायचं असेल, तर हे काम निघण्यापूर्वीच करून घ्या, कारण गावच्या स्मशानात कुणाला याची कल्पना असेलच असं नाही. यंत्राचं कार्ड त्यांच्या पाकिटात असेल. त्याची झेरॉक्स काढून घरातल्या आणखी एका माणसाकडे द्या.