टायटॅनिकवरच्या सर्वांत श्रीमंत प्रवाशाचे शेवटचे तास कसे गेले?

तो प्रवासी म्हणजे जॉन जेकब अ‍ॅस्टर चौथा, वय ४७, न्यूयॉर्कमधला बडा जमीनमालक. सोबत १८ वर्षांची गरोदर बायको मॅडलिन.

१४ एप्रिल १९१२ च्या रात्री ११.४० ला जहाज हिमनगावर आदळलं, तेव्हा त्याने ते फारसं मनावर घेतलं नाही. व्यायामशाळेत बसून त्याने एक लाइफ जॅकेट फाडून आत काय असतं ते बायकोला दाखवलं, असं सांगतात.

नंतर जहाजाच्या डाव्या बाजूच्या ४ नंबरच्या जीवरक्षक बोटीत ए डेकच्या (वरच्या एका मजल्याच्या) खिडक्यांमधून बायका चढवल्या गेल्या. मॅडलिनची अवस्था सांगून त्याने आपणही जाऊ का, असं विचारलं. सेकंड ऑफिसर लाइटोलरने साफ नकार दिला: बायका सगळ्या बसेपर्यंत पुरुष नाही. अ‍ॅस्टरने हुज्जत न घालता फक्त बोटीचा नंबर विचारला. लाइटोलरला वाटलं, हा तक्रार करणार! साधारण १.५० ला बोट खाली सोडली, तीही पूर्ण भरलेली नव्हती. गंमत म्हणजे, उजव्या बाजूला मर्डॉक हा अधिकारी जागा असेल तर पुरुषांनाही घेत होता. म्हणजे इथे पैशापेक्षा तुम्ही डेकच्या कुठल्या बाजूला उभे आहात, हे महत्त्वाचं ठरलं.

२.२० ला जहाज बुडालं. मधल्या अर्ध्या तासाबद्दल बरंच काही रंगवून सांगितलं जातं, त्यावर फार विसंबू नका. २२ एप्रिलला त्याचा मृतदेह सापडला. कॉलरवर आद्याक्षरं होती, त्यावरून ओळख पटली. मुलगा ऑगस्टमध्ये जन्मला.